सावद्याचं स्टेशन कापलं तेव्हा: एका ज्येष्ठ पटकथाकाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

लेखकांचं वय 71. घर यावल-रावेर पट्ट्यात, शेती भावाकडे, घरातलं बोलणं लेवा गणबोलीतलं. गावात आणि युनिटमध्ये सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून इथेही तेच. माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत.

भुसावळला रेल्वेत कारकुनी करताना आबांनी राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटकं लिहिली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते मुंबईला गेले, एका संवादलेखकाच्या हाताखाली चार वर्षं राहिले. पुढे 14 मराठी चित्रपटांवर त्यांचं नाव लागलं. नाव न लागलेले पाच-सहा वेगळे. 2000 नंतरची दहाएक वर्षं रोजच्या मालिकांत गेली आणि मग ते गावी परतले.

त्यांच्या लिहिण्याच्या तीन सवयी सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. तिन्ही सवयी तेव्हाच्या यंत्रांनी आणि पैशांनी लावलेल्या.

पहिली मॅगझिनची. 35 एमएम फिल्म सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने मिनिटाला 90 फूट पळते. छोट्या कॅमेऱ्याचं 400 फुटी मॅगझिन, म्हणजे फिल्मचा डबा, साडेचार मिनिटांच्या आत संपतं. मराठी निर्माता कच्ची फिल्म मोजून देणार, म्हणून आबांचं दृश्य चार मिनिटांच्या वर जात नाही आणि प्रत्येक दृश्यात मध्येच शॉट तोडता येईल अशी एक जागा असते. आज कार्डवर तासभर चित्रण होतं, तरी ही सवय त्यांनी सोडलेली नाही. बरंच केलं.

दुसरी डबिंगची. तेव्हाचे कॅमेरे इतका आवाज करायचे की सेटवरचा ध्वनी फक्त संदर्भापुरता, पायलट ट्रॅक म्हणून घेत आणि सगळे संवाद नंतर स्टुडिओत डब होत. त्यामुळे चुकलेलं वाक्य डबिंगला बदलता यायचं. नटाची पाठ कॅमेऱ्याकडे असेल तर अख्खं नवं वाक्यही घालता यायचं. आबांनी अशा रीतीने निदान दोन चित्रपटांची मोडकी कथा सांधलेली आहे.

तिसरी मालिकांची. 22 मिनिटांचा भाग, प्रेक्षक अर्धा स्वयंपाकघरात, म्हणजे पडद्यावर जे दिसतंय तेच पुन्हा बोलून सांगायचं. ही सवय आपल्याला लागली आहे, हे आबांना ठाऊक होतं. प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय त्यातूनच निघाला.

अडचण

धुळ्याचा एक तरुण दिग्दर्शक, वय 32, आधी तीन लघुपट केलेले, आबांकडे आला. सोबत निर्माता. कापसाची जिनिंग चालवणारे, चित्रपटात पहिल्यांदाच पैसे घालणारे शेठ. त्यांना केळी उत्पादकाच्या घरावरचा चित्रपट हवा होता. आबांकडे तशी पटकथा होती, आठ वर्षांपूर्वी लिहून कपाटात ठेवलेली.

कथा थोडक्यात अशी. वडील केळी लावतात, मुलगा पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला निघालाय, कापणीच्या तोंडावर वादळात बाग आडवी होते, उरलेल्या मालाला व्यापारी बोर्ड भावाच्या, म्हणजे जाहीर झालेल्या दराच्या, खाली दर सांगतो. शेवट सावदा स्टेशनवर, दिल्लीकडे जाणाऱ्या केळीच्या वॅगनी भरताना.

पटकथा हाताने लिहिलेली, 142 फुलस्केप पानं, जुन्या पद्धतीने पान उभं दुमडून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद. 96 दृश्यं, 31 ठिकाणं, 23 रात्रीची दृश्यं. निर्मात्याकडे पैसे होते 22 दिवसांच्या शूटिंगचे. दिवसाला पाच मिनिटांचा वापरता येईल असा माल, म्हणजे फार तर 110 मिनिटं.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब टाइप केलेल्या इंग्रजी आराखड्याचा आहे. दोन रकान्यांच्या हस्तलिखित फुलस्केपला तो लागू पडत नाही, हे बऱ्याच नव्या दिग्दर्शकांना पैसे गेल्यावर कळतं. इथे आधी कळलं, कारण आबांनी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून सगळी संहिता मोठ्याने वाचून दाखवली. संवाद बोलून, आणि बिनसंवादाची दृश्यं खोलीत फिरून, करून. दोन दिवस लागले. एकूण भरली 2 तास 48 मिनिटं. गंमत म्हणजे जास्त वेळ खाणारी दृश्यं कागदावर सगळ्यात लहान होती. 'वादळानंतरची सकाळ. बाप बागेतून चालतो.' या दोन ओळींना पावणेतीन मिनिटं लागली.

लांबी ही दिसणारी अडचण. न दिसणारी वेगळीच होती. निर्मात्याला चित्रपट अहिराणीत हवा होता. त्याचं वितरण धुळे, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार या बाजूला होतं. कथा घडत होती रावेर-सावद्याला, जिथे शेतकऱ्याच्या घरात अहिराणी बोलत नाहीत, लेवा गणबोली बोलतात. खानदेशाबाहेरच्याला हा फरक किरकोळ वाटेल. अमळनेरच्या थिएटरात पहिल्या पाच मिनिटांत हशा पिकला असता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आबांचा स्वतःचा: आत्ता प्रमाण मराठीत शूट करा, बोली डबिंगला बघू. इथे दुसरी सवय बोलत होती. दिग्दर्शक थेट सेटवरचाच ध्वनी वापरणार होता. डबिंगला त्याच्याकडे पैसे नव्हते आणि इच्छाही नव्हती. शिवाय प्रमाण मराठीत बोललेल्या वाक्याचे ओठ अहिराणीला जुळत नाहीत. 'माझ्या बापाची केळी' हे अहिराणीत 'मन्हा बापनी केयी' होतं. चा-ची-चेच्या जागी ना-नी-नं येतं, ळ चा य होतो. हा पर्याय एका संध्याकाळी बाद झाला.

दुसरा: कथा रावेरलाच ठेवायची आणि लेवा गणबोलीत करायची. कथेशी सगळ्यात प्रामाणिक हाच. 'माह्या बापाची केयी' आबांना झोपेत लिहिता आलं असतं. पण शेठच्या वितरणाचा पाया धुळे-अमळनेर. त्यांनी साफ सांगितलं, मग पैसे निम्मे.

तिसरा: गाव हलवायचं. केळी काही फक्त रावेर-यावलची नाही. तापीच्या उत्तरेला चोपडा आणि पुढे शिरपूरकडेही ती होते, आणि तिकडे अहिराणी बोलली जाते. तोटा एकच, पण मोठा. चोपड्याला रेल्वे नाही. म्हणजे सावद्याचं स्टेशन गेलं, आणि स्टेशनसोबत शेवटची 11 मिनिटं.

चौथा पर्याय निर्मात्याने हळूच पुढे केला: आबांनी कथा विकावी, 'ज्येष्ठ' म्हणून नाव मोठ्या अक्षरात घ्यावं आणि बाकीचं दिग्दर्शक बघेल. या धंद्यात ज्येष्ठांना दिला जाणारा मान बऱ्याचदा असाच असतो. आबांनी नकार दिला. नकार अभिमानापोटी होता की हिशेबाने, सांगता येत नाही. हिशेबाने तो बरोबर होता, कारण कथा-हक्काचा मोबदला पूर्ण पटकथेच्या चौथाईहून कमी ठरत होता.

भाषेचा निर्णय

तिसरा पर्याय ठरला. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मात्र आबांची बोली अहिराणी नव्हे. त्यांनी ते पहिल्याच बैठकीत सांगितलं: "मला ऐकू येती, लिहिता येत नाही." अमळनेरकडच्या, अहिराणीत कविता करणाऱ्या एका मॅडमना संवादांसाठी घेतलं.

मॅडमनी पहिल्या वाचनातच एक प्रश्न विचारला आणि त्याने पटकथेचा सांगाडाच बदलला. हा बाप सगळीकडे अहिराणी का बोलतो? घरात बोलेल. शेजाऱ्याशी, कापणीच्या मजुरांशी बोलेल. विकासोच्या (गावच्या कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीच्या) सचिवाशी मराठीत बोलेल, दिल्लीच्या व्यापाऱ्याच्या माणसाशी तुटक्या हिंदीत. आणि पुण्याला निघालेला मुलगा?

तिथून आबांनी 96 दृश्यांची एकओळी, म्हणजे दर दृश्याला एक ओळ, भिंतीवर लावली आणि प्रत्येक ओळीपुढे तीन रंगांच्या पेन्सिलींनी भाषा लिहिली. हिरवी अहिराणी, निळी मराठी, लाल हिंदी. मुलाची रेघ दहाव्या दृश्यापासून निळी होत जाते. घरात, बापाशीसुद्धा. बाप ते एकदाही बोलून दाखवत नाही.

स्टेशनच्या जागी नवा शेवट याच भिंतीवरून निघाला. ट्रक भरतोय, व्यापाऱ्याचा माणूस हलका माल म्हणून घड बाजूला टाकतोय, आणि आतापर्यंत मराठीत बोलणारा मुलगा त्याला, ज्याला अहिराणी कळतही नाही अशा माणसाला, म्हणतो: "हायी मन्हा बापनी केयी शे." बस. 11 मिनिटांच्या जागी साडेतीन मिनिटं.

स्टेशन वाचवण्याचा प्रयत्न दिग्दर्शकाने आठवडाभर केला होता. रेल्वेच्या हद्दीत शूटिंग म्हणजे वरच्या पातळीवर परवानगी, रोजचं शुल्क, विमा, आणि वॅगन भरणं रेल्वेच्या वेळेवर. रोजच्या 5 मिनिटांच्या हिशेबात ते बसलंच नसतं. गाव हलवलं नसतं तरी स्टेशन कापावं लागलं असतं, फक्त उशिरा आणि रडत.

एक दृश्य जवळून

व्यापाऱ्याशी भाव ठरवण्याचं दृश्य जुन्या संहितेत साडेसहा मिनिटांचं होतं, 41 वाक्यांचं. मॅगझिनचा नियम मोडून लिहिलेलं हे एकच दृश्य, त्यावरूनच आबांचा त्यात जीव किती होता ते कळतं. बाप घामाला भाव नाही असं बोलतो, व्यापारी बाजार पडल्याचं सांगतो, बाप पुन्हा बोलतो.

त्यातली मालिकांची सवय ओळखून आबांनी ते स्वतःच फाडलं. तरुण दिग्दर्शकालाच ते हवं होतं.

"आबा, ट्रेलरला तेच वाक्य आहे. शेठनी पण तेच ऐकून पैसे काढलेत."
"तू शेतकऱ्याला कधी व्यापाऱ्यापुढे एवढं बोलताना पाहिलंस का रे? तो भाव ऐकतो आणि विळा उचलतो. बोलतो घरी. बायकोवर."

नवं दृश्य सहा वाक्यांचं. व्यापाऱ्याचा माणूस मोबाइलवर आलेला बोर्ड भाव बघतो आणि त्याच्याहून क्विंटलमागे 300 रुपये कमी सांगतो. बाप उत्तर देत नाही, घड कापतो. मुलगा मदतीला पुढे होतो, त्याच्या मुलाखतीच्या पांढऱ्या शर्टावर चीक पडतो.

इथे केळीची माहिती असलेल्याला लगेच कळतं, नसलेल्याला शर्ट सांगतो. केळीचा चीक ताजा असताना पाण्यासारखा असतो, काही दिसत नाही. वाळला की तपकिरी होतो, मग काळा, आणि साबणाने जात नाही. त्यामुळे दृश्य संपताना प्रेक्षकाला फक्त ओला ठिपका दिसतो. तीन दृश्यांनंतर, मुलगा एसटीत बसलेला असताना, तो काळा झालेला असतो.

कपडेपटासाठी याचा अर्थ एकाच मापाचे पाच शर्ट: एक स्वच्छ, दोन ओल्या डागाचे (रिटेकसाठी एक जास्त), एक तपकिरी, एक धुतलेला काळा. डाग रंगाने पाडायचा प्रयत्न झाला. तो चहा सांडल्यासारखा दिसत होता. शेवटी खऱ्या चिकाने, चार दिवस आधी डाग पाडून शर्ट वाळवले. ही सूचना पटकथेतच लिहिली होती, दृश्याच्या खाली, कंसात. अशा सूचना पटकथेत लिहू नयेत असं शिकवणारे बरेच आहेत. त्यांनी केळी कापलेली नसते.

आडवी झालेली बाग हा दुसरा प्रश्न. वादळ दाखवायचंच नाही, ऐकवायचं आणि सकाळ दाखवायची, हे आबांनी पहिल्या फेरीतच ठरवलं होतं. पण सकाळी पडलेली बाग हवी. उभी बाग पाडायला कोणी देणार नाही, द्यावीही नाही. उपाय शेतातलाच. कांदेबाग म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी. साधारण सव्वा वर्षाच्या आत तिची कापणी होते, आणि पिलबाग (कापलेल्या झाडाच्या पिलांवरचं पुढचं पीक) ठेवायची नसेल तर शेतकरी केळीचे खांब तसेही तोडून रान मोकळं करतो. अशी कापणी संपलेली एक एकर बाग दोन दिवस भाड्याने घेतली आणि खांब एकाच दिशेने पाडले, कारण वारा एकाच दिशेने पाडतो. पहिल्या दिवशी मजुरांनी सवयीने आडवेतिडवे तोडले होते, ते पुन्हा एका दिशेने रचावे लागले. कॅमेऱ्यापुढच्या दोन ओळींत व्यापाऱ्यांनी नाकारलेले घड दोरीने खांबांना बांधले. घड नसलेली पडकी बाग नुकसान वाटत नाही, साफसफाई वाटते.

पुनर्लेखनाच्या तीन फेऱ्यांनंतर 68 दृश्यं, 17 ठिकाणं, 9 रात्री. वाचनात 112 मिनिटं.

करार

हे सगळं चालू असताना कागदावर काहीच नव्हतं. शकुनाचे 11 हजार रुपये पाकिटात मिळाले होते, त्यावर आबा चार महिने लिहीत होते. दुसरी फेरी संपल्यावर दिग्दर्शकानेच आग्रह धरला आणि शेठच्या वकिलाने मसुदा पाठवला: 1 लाख आगाऊ, 4 लाख 'प्रदर्शनानंतर', आणि 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे'.

प्रदर्शनाला बांधलेला हप्ता हा लेखकाच्या हातून सगळ्यात सहज निसटणारा पैसा. चित्रपट डब्यात राहिला तर प्रदर्शन कधीच होत नाही आणि निर्मात्याने करार मोडलेलाही नसतो. 5 लाखांची नवी मांडणी अशी झाली: सहीला 50 हजार, एकओळी मंजूर झाल्यावर 1 लाख, पूर्ण संहितेला दीड लाख, शूटिंगच्या पहिल्या दिवसाच्या आधी 1 लाख, आणि शेवटचा 1 लाख सेन्सॉर प्रमाणपत्र मिळाल्यावर किंवा शूटिंग संपल्यापासून नऊ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा.

हक्कांच्या बाबतीत कायदा लेखकाला वाटतो त्याहून जास्त देतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून बाकी वापरासाठीच्या रॉयल्टीचा हक्क चित्रपटात वापरलेल्या साहित्याचा लेखक सोडून देऊ शकत नाही, लिहून दिला तरी. अर्थात असा वापर होऊन पैसे आले तरच त्याला किंमत. हक्क किती काळासाठी दिले ते करारात नसेल तर पाच वर्षं धरतात, कोणत्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारत. निर्मात्याने वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच, आणि छापील मसुद्यात ते हमखास वेगळं लिहिलेलं असतं. इथे तडजोड झाली: दोन वर्षांत शूटिंग सुरू झालं नाही तर पटकथा आबांची, घेतलेले पैसे परत करायचे नाहीत.

संहितेची नोंद मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन केली. या नोंदीने अमुक तारखेला अमुक मजकूर तुमच्याकडे होता एवढं सिद्ध होतं. कल्पनेवर कॉपीराइट नसतोच, तो मांडणीवर असतो. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. म्हणून दोन पानी कथासार नोंदवून गप्प बसण्यापेक्षा सविस्तर पटकथा नोंदवलेली बरी.

श्रेयनामावलीचं कलम आबांपुरतं नीट लिहिलं गेलं: कथा आणि पटकथा आबा, संवाद आबा आणि मॅडम. पडद्यावर. पोस्टरचा उल्लेख राहिला. मॅडमशी तर वेगळा करारच झाला नाही, मानधनाची एक पावती फक्त.

शूटिंग

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात. कारण कापणी संपलेली बागही मिळत होती आणि शेजारी घड लागलेली बागही उभी होती. कथा मे महिन्यातली. दिवसा कोणाला फरक कळला नाही. रात्री खानदेशात जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, आणि मे महिन्याच्या उकाड्यात अंगणात बसलेल्या बापाच्या तोंडातून वाफ निघायला लागली. त्यावर जुना उपाय आहे, टेकच्या आधी बर्फाचा खडा चोखायचा. तोंडातली हवा थंड झाली की वाफ दिसत नाही, पण जेमतेम अर्धा मिनिट. दीड पानाचा संवाद त्यात बसेना, म्हणून सहायकांनी तो तिथेच चार वाक्यांवर आणला.

आबा सेटवर नव्हते. संहिता बंद झाली की लेखकाने सेटवर जाऊ नये, गेला तर भांडणं होतात, हे त्यांचं जुनं मत. कापलेल्या वाक्यांत विकासोच्या कर्जाच्या नूतनीकरणाची तारीख होती. पुढच्या दोन दृश्यांत बाप ज्या घाईने भाव मान्य करतो, ती घाई त्या तारखेमुळे. वाक्य गेलं आणि बाप बावळट दिसू लागला. संकलनात हे लक्षात आलं. शेवटी मुलाच्या फोनवरच्या संभाषणात, त्याची पाठ कॅमेऱ्याकडे असताना, एक वाक्य नंतर ध्वनिमुद्रित करून घातलं. चाळीस वर्षांपूर्वीची युक्ती.

बोलीसाठी मॅडमनी प्रत्येक वाक्य दोनदा, एकदा सावकाश आणि एकदा नेहमीच्या वेगाने, व्हॉइस मेसेज करून नटांना पाठवलं होतं. मुलाचं काम करणाऱ्या पुण्याच्या नटाने चांगली मेहनत घेतली, इतकी की मराठी वाक्यांतही त्याचा ळ य व्हायला लागला. म्हणजे निळ्या रेघेची दृश्यं हिरवी झाली, आणि पटकथेचा मुद्दाच तो फरक होता. दोन दृश्यं पुन्हा करावी लागली. 22 दिवसांचे 24 झाले त्यातला एक दिवस यात गेला, दुसरा खांब पुन्हा पाडण्यात.

निकाल

चित्रपट 114 मिनिटांचा झाला. सेन्सॉर प्रमाणपत्र विनाकट मिळालं. अर्जासोबत संवादांची पूर्ण लेखी प्रत द्यावी लागते. ती पडद्यावर प्रत्यक्ष बोललेल्या अहिराणीनुसार मॅडमनी नव्याने लिहून दिली, जुनी संहिता तिथे कामाची नव्हती. चोपडा, अमळनेर, शिरपूर, धुळे इथल्या थिएटरांत दोन आठवडे चालला. ओटीटीवर विकला गेला नाही. शेठचे सगळे पैसे सुटले नाहीत.

ट्रकच्या दृश्याला अमळनेरला शिट्ट्या पडल्या. व्यापाऱ्याच्या दृश्यात थिएटर शांत होतं. दिग्दर्शकाला आधी ती शांतता कंटाळ्याची वाटली होती.

आबांचे पहिले चार हप्ते वेळेवर आले, टीडीएस कापून. शेवटचा 1 लाख प्रमाणपत्र हातात आल्यावरही थांबला होता, कराराची प्रत जोडून एक पत्र पाठवल्यावर आला. पोस्टरवर संवादलेखक म्हणून एकट्या आबांचं नाव छापलं गेलं. मॅडमचं नाव पडद्यावर होतं, भिंतीवर कुठेच नव्हतं. आबांनी फोन करून शेठना सुनावलं, तोवर छपाई झाली होती. मॅडमनी पुढच्या कामाला होकार दिलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

भाषा आणि गाव यांचा निर्णय पहिल्या भेटीत व्हायला हवा होता. तो तिसऱ्या महिन्यात झाला, आणि रावेर धरून केलेली पुनर्लेखनाची एक पूर्ण फेरी वाया गेली. आबांना बोली हा शेवटचा हात वाटत होता, रंगकामासारखा. प्रत्यक्षात कोण कुठल्या भाषेत बोलतो यावर दृश्यांचा क्रमच ठरत होता.

मॅडमचा करार आबांच्या कराराच्या दिवशीच व्हायला हवा होता, त्यात पडदा, पोस्टर आणि ट्रेलर असे तीन शब्द स्वतंत्र लिहून. लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क कायद्याच्या कलम 57 खाली हक्क विकल्यानंतरही राहतो, पण त्यासाठी कोर्टात कोण जातं? कागदावर तीन शब्द लिहिणं सोपं. आबांनी नाव न लागण्याचा अनुभव स्वतः पाच-सहा वेळा घेतलेला असताना हे सुटावं, हे जरा खटकतं.

सेटवर न जाण्याचं मत डबिंगच्या काळात परवडत होतं. थेट ध्वनीत सेटवर कापलेलं वाक्य सहसा कायमचं जातं. स्वतः जायचं नसेल तर संहितेच्या पहिल्या पानावर न कापायच्या वाक्यांची यादी द्यावी, दृश्य क्रमांकासह आणि पुढच्या कोणत्या दृश्यासाठी ते लागतं त्यासह. या पटकथेत अशी वाक्यं नऊ निघतात, एक पानसुद्धा भरत नाही.

आणि जुन्या संहितांचं. आबांच्या कपाटात मालिकांच्या काळातल्या चार पूर्ण पटकथा श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या आहेत. आजच्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते, कारण ते आजचं सगळीकडे चालणारं युनिकोड नाही. रूपांतर होतं, पण जोडाक्षरं आणि रफार तुटतात, म्हणून छापील प्रतीशी ताडून बघावं लागतं. चारपैकी दोन पटकथांच्या छापील प्रती आहेत. उरलेल्या दोन फक्त सीडीवर, आणि त्यातली एक अजून वाचली जात नाही.